शतं वद, मा लिख : डेन्मार्कच्या गुप्त प्रतिकाराच्या कागदपत्रांचा विचार

(१)

'शतं वद, मा लिख' हें वचन आपल्याकडे व्यवहारी माणसाच्या तोंडीं नेहमीं असतें. शंभर गोष्टी बोलाव्या, पण एक लिहूं नये. कारण बोललेलें वाऱ्यावर जातें व लिहिलेलें पुढें साक्षीस उभें राहतें. इतिहाससंशोधकाचा धर्म नेमका याच्या उलट आहे. जें लिहिलें गेलें नाहीं तें घडलेंच नाहीं, असें म्हणण्यापर्यंत त्याची मजल कधीं कधीं जाते. कागद राखणें हें पुण्य आणि कागद जाळणें हें पाप, एवढीच त्याची सुटसुटीत स्मृति. या दोन धर्मांचा झगडा जेथें अगदीं उघड्या डोळ्यांनीं पाहावयास मिळतो असें एक अर्वाचीन प्रकरण म्हणजे १९४० ते १९४५ या पांच वर्षांत डेन्मार्कांतील लोकांनीं जर्मन अंमलाविरुद्ध चालविलेला गुप्त प्रतिकार होय. त्यांतील पराक्रमाच्या कथा पुष्कळांनीं सांगितल्या आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांहून आटोपशीर आहे. त्या प्रतिकाराचे कागद कोणते, ते कोणीं केले, कोणीं राखले, कोणीं नष्ट केले आणि त्यांवर भिस्त किती ठेवावी, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

डेन्मार्क हा देश मराठी ग्रंथप्रेमी मनुष्यास अगदींच परका नाहीं. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर हें डेन लोकांचें ठाणें होतें. कंपनी सरकारास आपल्या मुलुखांत मिशनरी नको होते. तेव्हां १८०० मध्यें विल्यम केरी व त्याचे सहकारी यांस आसरा मिळाला तो डॅनिश निशाणाखालीं. तेथल्याच छापखान्यांतून १८०५ मध्यें केरीचें मराठी व्याकरण व १८१० मध्यें त्याचा मराठी कोश बाहेर पडला. १८४५ मध्यें हें ठाणें इंग्रजांनीं विकत घेतलें. प्रबळ सत्तेच्या आवाक्याबाहेर राहून छापणें म्हणजे काय, याचा हा एक जुना नमुना आहे. शंभर वर्षांनीं खुद्द डेन लोकांवरच तशी पाळी आली, तेव्हां त्यांस कोणत्याही निशाणाचा आसरा उरला नव्हता.

(२)

९ एप्रिल १९४० रोजीं पहाटे जर्मन फौजा डेन्मार्कांत शिरल्या. देश लहान, वस्ती सुमारें ३८ लक्ष, मुलूख सपाट. कांहीं तासांतच राजा दहावा ख्रिश्चन व पंतप्रधान स्टाउनिंग यांच्या सरकारनें निषेध नोंदवून शस्त्र खालीं ठेवलें. त्याच सकाळीं जर्मन विमानांतून पत्रकांचा वर्षाव झाला. सेनापति काउपिश याच्या नांवाचें, डेन्मार्कचे सैनिक व प्रजा यांस उद्देशून लिहिलेलें हें पत्रक त्याच्या मथळ्यावरून 'ओप्रोप' म्हणजे 'जाहीर हांक' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याची भाषा डॅनिश म्हणावी तर मध्येंच नॉर्वेजियन शब्द डोकावतात आणि चुकाही जागोजाग आहेत. भाषेच्या अभ्यासकास हें पत्रक म्हणजे एक चांगला धडा आहे. तळाशीं सही नसती तरी हें लिहिणारा परका आहे, एवढें त्याच्या अशुद्धांनींच सांगितलें असतें. पोथीच्या संपादकानें लेखनाचे प्रमाद सुधारण्याची घाई करूं नये, कारण प्रमाद हीही एक मुद्राच असते, हें तत्त्व येथें छापील कागदालाही लागू पडतें.

त्याच दिवसाशीं दुसरा एक अगदीं लहान कागद जोडला जातो. स्लागेल्से या गांवांतील आर्ने सायर नांवाच्या १७ वर्षांच्या विद्यार्थ्यानें 'डेन माणसासाठीं दहा आज्ञा' अशा मथळ्याचें एक टिपण यंत्रावर लिहून त्याच्या २५ प्रति केल्या, आणि त्या गांवांतील वजनदार मंडळींच्या टपालपेट्यांत टाकल्या. जर्मनांसाठीं काम करावें लागलें तर वाईट करावें, सावकाश करावें, त्यांची वाहतूक अडवावी, फितुरांस त्यांच्या लायकीप्रमाणें वागवावें आणि जर्मन ज्याच्या मागें लागले असतील त्यास आसरा द्यावा, असा त्यांचा मतितार्थ होता. फौजेच्या विमानांनीं देशभर उधळलेलें पत्रक आणि शाळकरी मुलानें पेट्यांत सरकविलेल्या पंचवीस प्रति, हे दोन्ही कागद एकाच दिवसाचे आहेत. पुढच्या पांच वर्षांचें बीज त्यांपैकीं कोणत्या कागदांत होतें, हें सांगण्याची गरज नाहीं.

त्याच सुमाराची तिसरी गोष्ट शिलालेख-ताम्रपटांच्या अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. माक्स फोन लाउए व जेम्स फ्रांक या दोन जर्मन पदार्थशास्त्रज्ञांनीं आपलीं नोबेल पारितोषिकाचीं सुवर्णपदकें कोपनहेगन येथें नील्स बोर यांच्या संस्थेंत सुरक्षिततेसाठीं ठेविलीं होतीं. जर्मनींतून सोनें बाहेर धाडणें हा भयंकर गुन्हा, आणि पदकांवर तर धन्यांचीं नांवें कोरलेलीं. जर्मन फौजा शहरांत शिरत असतां हेवेशी या रसायनशास्त्रज्ञानें तीं पदकें अम्लराजांत विरघळविलीं. तें द्रव्य युद्धभर फडताळावर तसेंच उभें राहिलें. युद्धानंतर त्यांतून सोनें वेगळें काढण्यात आलें आणि त्याचीं पदकें पुन्हां घडविण्यात आलीं. याला प्रतिकार म्हणतां येणार नाहीं. पण नांव राखण्यापेक्षां नांवाचा धनी राखणें अधिक महत्त्वाचें, हा पुढील प्रकरणाचा न्याय येथें प्रथमच दिसून येतो.

(३)

जर्मनीनें या देशास जिंकलेला मुलूख म्हटलें नाहीं. आपण त्याच्या तटस्थतेचें रक्षण करीत आहों, असें म्हटलें. राजा, संसद, मंत्रिमंडळ, न्यायालयें व पोलीस हीं सर्व जागच्या जागीं राहिलीं. वृत्तपत्रेंही चालू राहिलीं. मात्र काय छापावें व काय गाळावें याच्या सूचना डॅनिश परराष्ट्रखात्याच्याच वृत्तविभागाकडून येत. यामुळें पहिल्या तीन वर्षांतील उघड वृत्तपत्रांच्या फायली कोणी नुसत्या चाळल्या, तर देश शांत होता व लोक आपापल्या कामांत मग्न होते, असेंच त्यास वाटेल. फायली खोट्या नाहींत, पण पुऱ्या नाहींत; आणि अपुरा अस्सल कागद बनावट कागदाहून अधिक चकवतो.

ही उणीव गुप्त पत्रांनीं भरून काढली. आरंभीं टंकलिखित साखळीपत्रें हातोहात फिरत. जून १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावर स्वारी करतांच डॅनिश पोलिसांनीं कम्युनिस्टांची धरपकड केली व ऑगस्टांत कायद्यानें त्यांचा पक्ष बंद करण्यांत आला. अर्थात् भूमिगत राहून छापण्याची विद्या त्यांस सर्वांआधीं शिकावी लागली. डिसेंबर १९४१ मध्यें 'स्वतंत्र डेन' या अर्थाच्या नांवाचें पत्र निघालें. एप्रिल १९४२ मध्यें, स्वारीला दोन वर्षें होत असतां, 'फ्रीट डानमार्क' म्हणजे 'स्वतंत्र डेन्मार्क' हें पत्र निघालें. त्याच्या मुळाशीं क्रिस्मस मोलर हा स्थितिवादी पक्षाचा पुढारी व मोगेन्स फोग हा वैद्यकाचा कम्युनिस्ट प्राध्यापक, अशी एरवीं एका पंक्तीस न बसणारी जोडी होती. मोलर पुढच्याच महिन्यांत एका मालवाहू गलबतांत लपून स्वीडनमार्गें लंडनला पोंचला आणि तेथून नभोवाणीवर आपल्या देशबांधवांशीं बोलूं लागला.

याच वर्षीं मे महिन्यांत ओल्बोर येथील कॅथेड्रल शाळेचे कांहीं विद्यार्थी पकडले गेले. 'चर्चिल क्लब' असें नांव घेऊन या मुलांनीं जर्मनांचीं हत्यारें पळविलीं होतीं व मालाची नासधूस केली होती. त्यांच्यावर खटला चालला तो डॅनिश न्यायालयांतच. वडील मंडळी शब्द तोलून लिहीत असतां मुलें काय करीत होतीं, हें आज आपणांस कळतें तें बऱ्याच अंशीं त्या खटल्यामुळें. ज्यांनीं शिक्षा दिली त्यांनींच कीर्ति राखली, असा हा विचित्र योग आहे.

ऑगस्ट १९४३ मध्यें अनेक शहरांत संप व दंगे झाले. जर्मनांनीं निर्वाणीच्या मागण्या केल्या. सरकारनें त्या नाकारल्या. २९ ऑगस्ट रोजीं लष्करी कायदा पुकारण्यांत आला व मंत्रिमंडळाचें काम थांबलें. त्याच पहाटे नौसेनापति वेडेल याच्या हुकुमावरून डॅनिश आरमारानें आपलीं बहुतेक जहाजें आपल्याच हातांनीं बुडविलीं. १६ सप्टेंबर रोजीं निरनिराळ्या गटांचें मिळून 'स्वातंत्र्य मंडळ' गुप्तपणें स्थापन झालें. याच ऑगस्टांत बोर्गे आउत्झे या वार्ताहरानें 'इन्फर्मेशन' नांवाची गुप्त वृत्तसेवा सुरू केली. खेड्यापाड्यांतील लहान गुप्त पत्रांना तिच्याकडून ताजी व पारखलेली बातमी मिळूं लागली. मुक्ततेच्या दिवशीं हीच वृत्तसेवा उघड दैनिक बनली व तें दैनिक आजही चालू आहे.

पांच वर्षांत अशा गुप्त पत्रांचीं पांचशेंहून अधिक नांवें नोंदलीं गेलीं आणि त्यांच्या एकंदर प्रति सुमारें अडीच कोटींवर गेल्या. त्यांतील बहुतेक सर्व १९४३ नंतरच्या दोन वर्षांतल्या आहेत. १९५४ मध्यें कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयानें या पत्रांची व पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली. ज्यांवर मुद्रकाचें नांव नाहीं, लेखकाचें नांव खोटें, अशा कागदांची सूची करणें किती कष्टाचें, हें हस्तलिखितांच्या याद्या करणाऱ्यांस सांगावयास नको. कालनिर्णय करावा लागतो तो कागदाची जात, यंत्राच्या अक्षरांतील खोडी व आंतील बातम्या यांवरून. म्हणजे पुष्पिका फाटलेल्या पोथीचा करावा तसाच.

(४)

आतां कागदाच्या दुसऱ्या बाजूकडे वळलें पाहिजे. छापलेला कागद लोकांत पसरावा म्हणून केलेला असतो. परंतु यादी ही आंत ठेवावयाची वस्तु आहे. कोणत्याही समाजास आपल्या सभासदांची नोंद ठेवावीच लागते. कोपनहेगनच्या यहुदी समाजाचीही अशी नांवनिशीवार नोंद होती. ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबर १९४३ मध्यें जर्मनांनीं समाजाच्या अध्यक्षाच्या कचेरींतून व समाजाच्या दफ्तरांतून हे कागद उचलले. वर्षानुवर्षें कोणा कारकुनानें निष्ठेनें लिहिलेली ती वही एका रात्रींत शिकारीचा नकाशा झाली.

परंतु या वेळीं तोंडी शब्द लिखिताच्या पुढें धांवला. डुकविट्झ या जर्मन वकिलातींतील अधिकाऱ्यानें बेताची कुणकुण डॅनिश पुढाऱ्यांच्या कानांवर घातली. २९ सप्टेंबर रोजीं सकाळच्या प्रार्थनेस जमलेल्या लोकांस रब्बी मार्कुस मेल्किओर यांनीं घरीं न राहण्याची सूचना दिली, आणि ती कानोकानीं शहरभर गेली. १ ऑक्टोबरच्या रात्रीं जर्मन शिपाई यादीप्रमाणें घरोघरीं गेले, तेव्हां बहुतेक घरें रिकामीं होतीं. पुढील कांहीं आठवड्यांत सात हजारांहून अधिक माणसें मासेमारी होड्यांतून सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोंचलीं. नावाड्यांनीं भाडें घेतलें व तें पुष्कळदां जबर होतें, हेंही इतिहासांत नमूद असलें पाहिजे. पण ज्यांपाशीं पैसे नव्हते त्यांच्यासाठीं इतरांनीं वर्गणी जमविली, हेंही. सुमारें ४७० माणसें सांपडलीं व टेरेझिनच्या छावणींत धाडलीं गेलीं. या धांदलींत सभागृहांतील तोराच्या गुंडाळ्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित प्रति, कोपनहेगनच्या ट्रिनिटेटिस चर्चमध्यें लपवून ठेवण्यांत आल्या. यादी शत्रूच्या हातीं गेली आणि पोथी परधर्मीयांच्या देवळांत सुरक्षित राहिली. ग्रंथसंग्राहकांनीं हें उदाहरण विसरूं नये.

याच प्रसंगाला चिकटलेली एक दंतकथाही सांगितली पाहिजे. यहुद्यांनीं पिंवळा तारा लावावा असा हुकूम निघाला, तेव्हां राजानें स्वतःच तो तारा छातीवर लावला, अशी ती कथा. वस्तुतः डेन्मार्कांत असा हुकूम निघालाच नव्हता. मग राजानें तारा लावण्याचा प्रश्नच उरत नाहीं. कथा गोड आहे व राजाच्या लौकिकास शोभण्याजोगी आहे, आणि नेमक्या अशाच कथा बखरींत शिरतात.

(५)

यादीचें भय प्रतिकारकांनाही होतें. पकडलेल्या माणसाच्या खिशांतील चिठ्ठीवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असा धागा लागे. म्हणून खरें नांव लिहावयाचें नाहीं, पत्ता पाठ करावयाचा, चिठ्ठी वाचून जाळावयाची, हा दंडक पडला. इंग्लंडहून हवाई छत्रीनें येणाऱ्या हत्यारांची वर्दी लंडनच्या नभोवाणीवरील सांकेतिक निरोपांतून मिळे. म्हणजे 'शतं वद' या वचनाचा अक्षरशः अवलंब झाला. डुउस हान्सेन या अभियंत्यानें टेलिफोनच्या यादीच्या पुस्तकाएवढें लहान प्रक्षेपकयंत्र तयार केलें, तें याच कामासाठीं.

पण शत्रु मात्र लिहीत होता. गेस्टापोची कार्डांची नोंद दिवसेंदिवस वाढत होती. कैद्यांच्या तोंडून काढलेली नांवें तींत जमा होत. आपण जें लिहिलें नाहीं तें शत्रूनें लिहून ठेवलें, अशी ही स्थिति होती. तेव्हां प्रतिकारकांनीं लंडनकडे एक भयंकर मागणी केली : आमच्याच शहरांतील ही दफ्तरें आकाशांतून नष्ट करा. ३१ ऑक्टोबर १९४४ रोजीं आरहूस येथें विद्यापीठाच्या वसतिगृहांत असलेल्या गेस्टापोच्या कचेरीवर ब्रिटिश विमानांनीं हल्ला केला. त्या वेळीं चौकशीखालीं असलेला सांडबेक नांवाचा धर्मोपदेशक ढिगाऱ्यांतून जिवंत निघाला.

कोपनहेगनचें मुख्य ठाणें 'शेलहुस' या इमारतींत होतें. हल्ला होऊं नये म्हणून जर्मनांनीं पोटमाळ्यावर कैदी ठेविले होते. त्यांत पूर्वीं उल्लेखिलेला प्राध्यापक फोगही होता. आपले सोबती वर आहेत हें ठाऊक असून मागणी करावी कीं न करावी, हा प्रश्न होता. १९४५ च्या आरंभीं प्रतिकाराचीं सूत्रें हाताळणारा ओले लिपमान यानें मागणी केली. २१ मार्च १९४५ रोजीं विमानें छपरांना घासून आलीं. इमारत पेटली, दफ्तरांचा मोठा भाग जळाला, आणि पोटमाळ्यावरील २६ कैद्यांपैकीं फोग धरून १८ जण निसटले. परंतु एक विमान दिव्याच्या खांबास अडखळून फ्रेंच शाळेजवळ कोसळलें. तेथला धूर पाहून मागून येणाऱ्या कांहीं विमानांनीं तेंच आपलें लक्ष्य समजून त्या शाळेवर बाँब टाकले. ८६ मुलें मेलीं.

ज्यानें हयातभर शाळेंत शिकविलें आहे त्याला या वाक्यापुढें लेखणी चालविणें जड जातें. दफ्तर जळाल्यामुळें किती माणसें वांचलीं याची गणती करतां येत नाहीं. जीं मुलें मेलीं त्यांची गणती मात्र नेमकी आहे. वांचलेल्यांची नोंद होत नसते. म्हणून अशा प्रसंगीं केवळ आंकड्यांवरून न्याय देणारा इतिहासकार नकळत एकाच बाजूस झुकतो. मागणी करणाऱ्यानें ती कां केली हें समजून घ्यावें, मेलेल्या मुलांचा आंकडा त्याच्या शेजारीं मांडावा, आणि दोहोंपैकीं एकही झांकूं नये. याहून अधिक निवाडा करण्याचा अधिकार आपणांस आहे असें मला वाटत नाहीं.

(६)

न लिहिण्याचीही एक किंमत असते, व ती दुसऱ्या एका प्रकरणांत दिसते. प्रतिकारकांनीं फितूर म्हणून सुमारें ४०० माणसें ठार केलीं. सप्टेंबर १९४४ मध्यें जर्मनांनीं डॅनिश पोलिसांपैकीं सुमारें २००० जणांस पकडून जर्मनींत धाडल्यानंतर या वधांचें प्रमाण वाढलें. पुरावा काय होता, हुकूम कोणीं दिला, हें बहुधा कागदावर आलें नाहीं. येणें शक्यही नव्हतें. युद्ध संपल्यावर बहुतेक प्रकरणें न्यायालयापुढें आलींच नाहींत. परिणाम असा कीं, जो खरोखर फितूर होता त्याचा अपराध शाबीत करतां येत नाहीं, आणि जो निरपराध होता त्याच्या वारसांस त्याचें निर्दोषत्वही सिद्ध करतां येत नाहीं. ज्या मौनानें प्रतिकारकांचे प्राण राखले त्याच मौनानें या घरांचा न्याय बुडविला.

याच्या उलट टोंकाला मृत्युदंड झालेल्यांचीं शेवटचीं पत्रें आहेत. न्यायालयाचा निकाल होऊन गोळी घातलेल्या प्रतिकारकांची संख्या शंभरावर जाते. त्यांत ह्विडस्टेन गांवच्या खानावळीचा धनी मारिउस फील, त्याचा मुलगा व जांवई हे २९ जून १९४४ रोजीं एकाच पहाटे गेले; आकाशांतून उतरलेलीं हत्यारें उचलून लपविणें हा त्यांचा अपराध. किम माल्थे-ब्रून हा २१ वर्षांचा खलाशी ६ एप्रिल १९४५ रोजीं, मुक्ततेच्या चार आठवडे आधीं मारला गेला. त्याचीं पत्रें त्याच्या आईनें त्याच वर्षीं प्रसिद्ध केलीं. पांच वर्षें जपून वागणाऱ्या या लोकांना शेवटच्या रात्रीं तेवढी मोकळेपणानें व स्वतःच्या नांवानें लिहावयास मुभा मिळाली. कारण आतां लपवावयाचें कांहीं उरलें नव्हतें. तरी हीं पत्रें जर्मन तपासणींतून गेलेलीं आहेत, आणि मागें राहिलेल्या सोबत्यांचा उल्लेख त्यांत येणें शक्य नव्हतें. त्यांतील भावना अस्सल आहे. पण घटनांचा दाखला म्हणून तीं वापरूं नयेत.

(७)

४ मे १९४५ च्या संध्याकाळीं लंडनच्या नभोवाणीवर जर्मन शरणागतीची बातमी आली व दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां ती अमलांत आली. त्यानंतरचा डॅनिश संशोधकांचा उद्योग आपल्या मंडळींनीं अभ्यासावा असा आहे. ओडेन्से येथील योर्गेन हेस्ट्रुप या शाळाशिक्षकानें हयात प्रतिकारकांच्या जबान्या घेऊन, त्या इंग्लंडशीं झालेल्या तारांशीं ताडून, १९५४ मध्यें आपला पहिला मोठा ग्रंथ सिद्ध केला. पुढें तो प्राध्यापक झाला. १९७१ मध्यें ओये ट्रोमर यानें रेल्वेवरील घातपातांची तपासणी केली. गुप्त पत्रांत व लोकांच्या आठवणींत जर्मन फौजांची वाहतूक वारंवार ठप्प झाल्याचें वर्णन होतें. ट्रोमर यानें तें रेल्वेच्या व जर्मनांच्या नोंदींशीं ताडलें, आणि प्रत्यक्ष लष्करी परिणाम सांगितला जातो त्याहून पुष्कळच कमी होता असें दाखविलें. यावर वादंग माजलें. पण त्यानें शूरांची अप्रतिष्ठा केली असें म्हणणें चुकीचें होईल. रूळ उखडणाऱ्याचें धैर्य गाडीस किती तास उशीर झाला यावर मोजावयाचें नसतें. आणि उशीर किती झाला हें धैर्यावरून ठरवावयाचें नसतें.

कोपनहेगनमध्यें १९५७ सालीं या प्रतिकाराचें संग्रहालय उघडलें. २८ एप्रिल २०१३ रोजीं कोणीं तरी लावलेल्या आगींत ती इमारत जळाली, पण वस्तु व कागद बाहेर काढतां आले. नवी इमारत २०२० मध्यें खुली झाली. शेलहुसची आग लागावी म्हणून माणसांनीं प्राण पणास लावले, आणि या आगींतून तेच इतिहासाचे कागद वांचावे म्हणून माणसें धांवलीं. दोन्ही कृत्यें योग्य होतीं.

सारांश, या प्रकरणाचे कागद तीन प्रकारचे आहेत. पहिले पसरविण्यासाठीं केलेले. ते लिहिणाऱ्याचा हेतु सांगतात, घटना नेहमींच सांगत नाहींत. दुसरे लपविण्यासाठीं केलेले. ते थोडे, त्रोटक व बहुधा विश्वसनीय. तिसरे शत्रूचे, ते विपुल व नेमके, पण त्यांतील पुष्कळ मजकूर यातनेनें वदविलेला. या तिहींच्या पलीकडे चौथा वर्ग आहे, तो मुद्दाम न लिहिलेल्याचा. आपल्या संग्रहांतील रुमाल सोडतांनाही हाच प्रश्न प्रत्येक कागदास विचारावा : तूं कोणासाठीं लिहिला गेलास, तुला राखणाऱ्यानें काय धोका पत्करला, आणि तुझ्या शेजारची कोणती जागा कोणीं समजून उमजून रिकामी ठेविली? रिकामी जागा दिसली कीं तेथें कांहीं घडलें नव्हतें असा निष्कर्ष काढण्याची आपली संवय आहे. कधीं कधीं तेथेंच सर्वांत अधिक घडलेलें असतें.